मागच्या ठेसनाची इत्तला

किसनमामा रोज सकाळी सात वाजता एक चूक करत. ती चुकून होत नसे, ठरवून होई. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर गल्लीचं मत असं होतं की रिटायर झाल्यावर माणसाचं डोकंही हळूहळू पेन्शनीत निघतं आणि मामांचं जरा घाईनं निघालं. कधी ते सदरा उलटा घालून बाहेर येत. कधी भरलेली बादली नेमकी उंबऱ्यात ठेवत. कधी ओला टॉवेल गादीवर पसरून वर हात फिरवत. एकदा तर त्यांनी शेजारच्या शेळीला कानाला धरून घरात नेलं आणि पिठाच्या डब्यापाशी उभं केलं. शेळीची बिलकूल इच्छा नव्हती, हे मी स्वतः पाहिलंय.

परभणी स्टेशनाच्या मागच्या गल्लीत त्यांचं आणि माझं घर लागून. मधे एकच भिंत, त्यात विटा कमी आणि माती जास्त. त्यामुळे चूक झाली की दुसऱ्याच क्षणी पारूमामींचा आवाज माझ्या चहाच्या कपापर्यंत यायचा. मामींचं बोलणं म्हणजे न थांबणारी मालगाडी. बादलीच्या दिवशीचं मला अजून पाठ आहे: "आता ही बादली उंबऱ्यात ठिवायची चीज हाय का अवो, अठ्ठावीस वर्षं गाड्यायला वाट दिली न् घरातल्या माणसाला वाट ठिवायचं सुचंना, गल्लीतलं कुणी धडपडलं म्हंजे माझ्याच नावानं बोंबलायचं, न् तुमी बसा तिकडं मागचं ठेसन काय म्हणतंय ते ऐकत." हे सगळं एका दमात. मामा समोर मान खाली घालून उभे. बोलणं संपलं की ते मुकाट्यानं बादली उचलत आणि दिवसभर मजेत असत.

मागचं ठेसन ही मामांच्या डोक्यातली मुख्य कळ. अठ्ठावीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढले. पिंगळीहून गाडी सुटली की इकडे केबिनमध्ये घंटी वाजायची. मग मामा उठत, दांडा ओढत आणि गाडी येई. एवढ्या वर्षांत एकही गाडी घंटी दिल्याशिवाय आली नाही, यावरून त्यांनी सगळ्या दुनियेचा कायदा काढला होता. "बिगर इत्तला काईच येत न्हाई," ते म्हणत; इत्तला म्हणजे आगाऊ खबर. "मागच्या ठेसनानं घंटी दिलेलीच असती. आपुन ऐकत न्हाई."

मी शिंकलो तर ते विचारत, काल पाय ओले होते का. कुणाचा पत्रा उडाला तर सांगत, तीन दिवस कुरकुरत होता, मी ऐकलं होतं. माझ्या सायकलीपाशी उकिडवं बसून एकदा त्यांनी मागच्या चाकावर बोट फिरवलं आणि उद्या दुपारपर्यंत हे बसेल म्हणून सांगितलं. ते बसलं. मला त्यांचा संशय अजून आहे. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन तेव्हा ऐन भरात होतं, कधी एसटी बंद तर कधी बाजार बंद. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली रिटायरमेंटला मिळालेलं मोठं घड्याळ लावलेलं होतं. त्याच्याकडे बघत मामा म्हणायचे, ठराव झाला तवाच घंटी वाजली, गाडी मात्र अजून आउटरला हुबी हाय. चिडत नसत. ठेसनाबाहेर आउटरच्या सिग्नलला उभी राहिलेली गाडी येतेच, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांच्या या कायद्याला एकाच गोष्टीनं दगा दिला होता, आणि ती गोष्ट म्हणजे मामींची छाती.

मामींच्या फुफ्फुसांना वण पडत चालले होते. का, ते कुणाला सांगता आलं नाही. त्या लहानपणी मानवतला कापसाच्या जिनिंगात कामाला होत्या, त्याचं काही असेल म्हणे, किंवा नसेलही. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरून मामांना समजावलं होतं, की जखम भरली की कातडी निबर होते ना, तसं हे आतून होतंय. हळूहळू वाढेल, आपण सांभाळू. पण असल्या छातीचं दुखणं मधेच एखाद्या वेळी उसळतं. मग दोन-चार दिवसांतच माणूस हातचा जायची पाळी येते. तसं एकदा झालंही होतं. मामांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. ते ड्यूटीवर आणि इकडे मामी ओठ निळे करून बसलेल्या. त्या वेळी वाचल्या, पण थोडक्यात. आधी कसं कळावं, असं मामांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी कळत नाही, अचानक होतं.

हे "अचानक" मामांना मान्य नव्हतं. डॉक्टर शिकलेले आहेत, पण केबिनमध्ये बसलेले नाहीत, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

माझी स्टेशन रोडला रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या, एक स्टूल आणि मी. मामा मला लॅबवाले म्हणत. दर सोमवारी ते मामींना घेऊन येत, आणि मी ईएसआर लावत असे. म्हणजे रक्त एका उभ्या नळीत भरून ठेवायचं आणि तासाभरात ते किती खाली बसलं ते पाहायचं. अंगात कुठं दाह असला की ते लवकर बसतं. मामा तो अख्खा तास नळीसमोर बसून काढत. रक्तात घंटी असलीच पायजे, हे त्यांचं ठाम मत. मी त्यांना शंभर वेळा सांगितलं की मामा, ही नळी सर्दीनंही वाढते, गळवानंही वाढते, हिला पिंगळीची गाडी आणि पूर्ण्याची गाडी यातला फरक कळत नाही. ते म्हणत, मग फरक कळणारी नळी शोधा की.

मी हसायचो. आता म्हातारपणी वाचतो, की अशा वण पडलेल्या फुफ्फुसांचं दुखणं उसळायच्या आधी रक्तात कसली खूण सापडते का, हे मोठमोठे लोक शोधतायत. तेव्हा हसलो याची मला लाज वाटते.

एका सोमवारी मामींना घरी सोडून मामा एकटेच परत आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक जुनं रजिस्टर ठेवलं. रेल्वेचं, गाड्यांच्या वेळा लिहायचं. त्यात तारखेपुढं मामांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: "बादली. तेरा." "टॉवेल. सोळा." "सदरा उलटा. बारा, जरा धाप." "शेळी. सतरा, लय भारी." मला काही उमजेना. मग त्यांनी खिशातलं घड्याळ काढून तळहातावर ठेवलं, मान खाली घातली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गल्लीला जी शरमेनं खाली गेलेली मान वाटत होती ती सेकंदकाट्यावर होती. मामी एका दमात किती वेळ बोलतात ते हा माणूस रोज मोजत होता. आणि त्यांना बोलायला लावायचं म्हणून रोज नवी चूक.

"तिला इचारलं दम लागायलाय का, तर म्हणती न्हाई," मामा म्हणाले. "मागल्या वक्ती बी तीन दिवस न्हाईच म्हणली. पर माणूस रागात आसंल तवा खोटं बोलत न्हाई, लॅबवाले."

डॉक्टरांनी एका दमात आकडे म्हणायला सांगितले होते. पण मामींना वीसपर्यंतच आकडे येत, आणि तिथं पोचल्यावर, आपलं शिक्षण संपलं म्हणून त्या हसत सुटत. त्या हसण्यात दमाचा हिशोब लागत नसे. म्हणून मामांनी ही स्वतःची पद्धत काढली होती. त्यांचं म्हणणं होतं की आकडा खाली जायला लागला की समजायचं, मागच्या ठेसनानं गाडी सोडली. म्हणजे आपल्याला दोन दिवस हाताशी मिळतात. मामींना सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. मी घेतली. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून भिंतीपलीकडून बादली कलंडल्याचा आवाज आला की मी हातातला कप खाली ठेवून ऐकायचो.

हे असं आठ-दहा महिने चाललं. हिवाळा सुरू झाला आणि मामींच्या बोलण्यात एक फरक पडला, जो मला भिंतीआडून कळत होता पण कळूनही कळला नाही. त्या बोलता बोलता भांडी आपटायला लागल्या. दोन वाक्यं झाली की तांब्या दणकन, पुन्हा दोन वाक्यं की परात. मला वाटलं राग वाढला.

मग एका सोमवारी मामा रिक्षा बघायला बाहेर गेले असताना मामी स्टुलावर बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "आज किती लिवलं बाबा त्यान्नी? चौदाच ना?"

मी हातातली सुई खाली ठेवली. मामींना सगळं ठाऊक होतं. पहिल्या महिन्यातच ठाऊक झालं होतं, कारण रजिस्टर त्या झाडायला उचलत आणि वीसपर्यंतचे आकडे तर त्यांना येतच होते. चौदा किंवा वर लिहिलं की माणूस पोटभर जेवतो, बाराच्या खाली गेलं की रात्रभर कुशी बदलतो, हे त्यांनी हेरलं होतं. मामा मान खाली घालून हातातलं घड्याळ बघत तेव्हा मामी त्यांच्या डोक्यावरून भिंतीवरचं घड्याळ बघत. काटा चौदा घरं सरकला की तोंड बंद. पहाटेपासून त्या पाणी भरत नसत, झाडत नसत, नुसत्या बसून दम जमवत. चूक कुठलीही असो, काय बोलायचं ते आदल्या दिवशीच ठरलेलं असे. आणि अलीकडे तेवढ्यानंही भागेना, तेव्हा त्यांनी भांडं आपटायची युक्ती काढली.

"त्या आवाजात दम घिता येतो," त्या म्हणाल्या. "त्यान्ला ऐकू जात न्हाई."

मी चिडलो. म्हटलं मामी, ही काय चेष्टा आहे, तुम्ही कुणाला फसवताय. त्या शांतपणे म्हणाल्या की फसवत नाही, त्या माणसाला झोप लागावी म्हणून करते. मागल्या वेळेपासून तो माणूस स्वतःला खातोय, पुन्हा नांदेडच्या दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात त्याला बसवायचं नाही. मग त्यांनीही मला शपथ घातली, आणि मी गाढव, ती पण घेतली. त्या दिवशी नळी नेहमीपेक्षा बरीच वाढलेली आली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सर्दी आहे त्यांना, सर्दीनंही वाढते. हे वाक्य खरं होतं आणि ते मी का बोललो ते मला माहीत होतं. पुढचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही. लॅब उघडायचो, बंद करायचो, मामांच्या घरावरून जाताना उगाच घसा खाकरायचो.

गुरुवारी दुपारी मामा रजिस्टर घेऊन आले. स्टुलावर बसले, शेवटचं पान उघडलं आणि बोट खाली खाली फिरवत गेले. चौदा, चौदा, चौदा. मी म्हटलं, चांगलंय की मामा, स्थिर आहे. त्यांनी चष्मा काढला.

"लॅबवाले, अठ्ठावीस वर्षांत मी एक गाडी बघितली न्हाई जी हप्ताभर रोज टायमाला आली. इथं महिना झाला, रोज चौदा. अशी गाडी नसती. असं दिसलं की समजायचं घड्याळ बंद पडलंय."

मला खोटं बोलता येईना आणि शपथ मोडता येईना, म्हणून मी नळ्या धुवायला लागलो. मामांनी माझ्या पाठीकडे पाहिलं असावं. ते एवढंच म्हणाले, तुमी काही सांगू नका, तुमच्या हातातून तीन नळ्या फुटल्या, तेवढी इत्तला बस झाली. आणि गेले.

शुक्रवारी सकाळी पावणेसातलाच मी भिंतीला कान लावून बसलो. सात वाजले. काही पडलं नाही, काही सांडलं नाही. पुढं काय झालं ते मला नंतर मामांनी सांगितलं. त्यांनी त्या दिवशी एकही चूक केली नाही. अंथरूण घडी घालून ठेवलं, उंबरा मोकळा ठेवला, सदरा सरळ घातला, बटणं बरोबर लावली, साखर मोजून चहा केला आणि कप मामींच्या हातात दिला. मामी महिनाभर रोज तयारीनं बसत. आज रागवायला जागाच नव्हती. त्या गडबडल्या. कपाकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि न ठरवलेलं, न घोकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं: "अवो, आज तुमाला..." आणि तिथंच दम संपला. हाताशी आपटायला भांडंही नव्हतं. हातात कप होता.

मामांनी घड्याळ पाहिलंसुद्धा नाही. कप काढून घेतला, मामींच्या अंगावर शाल टाकली आणि माझ्या दारावर दोन थापा मारल्या. "घंटी झाली," ते म्हणाले. "चला."

नांदेडची गाडी अर्ध्या तासात होती. स्टेशन मागच्याच अंगाला, पण तेवढ्या वाटेत मामींना चार वेळा बसावं लागलं. गाडीत त्या खिडकीशी, मामा समोर, मी मधे रजिस्टर मांडीवर घेऊन. पिंगळी गेली, मिरखेल गेलं, पूर्णा आलं, आणि प्रत्येक ठेसनाला मामा उठून उभे राहत आणि गाडी सुटली की बसत. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढला, इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर बाहेर यायला बराच वेळ लागला. ते म्हणाले की उसळी सुरू झालीय, पण अगदी सुरुवातीलाच. आणखी दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कळलं कसं, त्यांना अजून ताप नाही, ओठ निळे नाहीत. मामांनी रजिस्टर पुढं केलं. डॉक्टरांनी बादली, टॉवेल, शेळी असं सगळं शांतपणे वाचलं, आणि चौदाच्या रांगेपाशी आल्यावर ते खुर्ची ओढून मामांजवळ बसले. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन चक्क रडलो.

मामी तिथं तीन आठवडे होत्या. दहाव्या की अकराव्या दिवशी मामा कपडे न्यायला एका दिवसापुरते परभणीला आले. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे जेवले, मामींनी आता ऑक्सिजनशिवाय दोन तास काढले म्हणून सांगितलं, आणि झोपायला आपल्या घरी गेले. सकाळी मी चहा घेत होतो. सात वाजले आणि भिंतीपलीकडे बादली कलंडली. मी दचकलो. घरात तर दुसरं कुणी नव्हतं. पाणी वाहत गेल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आणि मग मामांचा आवाज, हळू, स्वतःशीच: "आता ही बादली उंबऱ्यात ठिवायची चीज हाय का अवो, अठ्ठावीस वर्षं गाड्यायला वाट दिली न् घरातल्या माणसाला वाट ठिवायचं सुचंना..." शब्द न् शब्द मामींचा. त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटलं, एका दमात, आणि मग फडक्यानं पाणी पुसायला लागले. मी चहा तसाच ठेवला.

मामी परत आल्या त्या दिवशी गल्लीनं त्यांना स्टेशनातून खुर्चीवर बसवून आणलं. जाताना चार वेळा बसावं लागलेल्या बाई येताना एकदाही न थांबता सगळ्यांना सूचना देत होत्या. मधून दम घेत, उघड घेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला राहवलं नाही, मी सरळ त्यांच्या दारातच जाऊन उभा राहिलो. मामांनी सदरा उलटा घातला होता, आणि वर खिशाची पिशवी बाहेर लोंबत होती. घड्याळ तळहातावर तयार. मामी खाटेवर उशीला टेकून बसलेल्या. भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच काढायला लावलं होतं, तिथं भिंतीवर गोल पांढरा डाग तेवढा होता.

"अवो, ह्यो सदरा," मामींनी सुरुवात केली, "माणसाचा हाय का बुजगावण्याचा..." आणि थांबल्या. पाच सेकंद झाले असतील नसतील. त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "थांबा. दम लागलाय मला. बाकीचं ऱ्हायलंय अजून."

इतक्या वर्षांत दम लागलाय असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. मामांनी घड्याळ मिटून खिशात ठेवायला घेतलं. खिसा उलटा, ते खाली पडलं, आणि या खेपेला ती खरीच चूक होती. त्यांनी ते उचललं नाही. ते खाटेच्या कडेला मामींच्या पायाशी बसले.

"घी सावकाश," ते म्हणाले. "मी हाय हितंच."

मामींनी दोन-तीन श्वास घेतले, डोळे मिटून, कुठलंही भांडं न आपटता. मग डोळे उघडले आणि राहिलेलं सगळं ऐकवलं.